एस्पेरांतो आणि ती बोलणारी माणसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एस्पेरांतो बोलते असं कळलं की लोक ठरावीक प्रश्न विचारतात. तेच इथे घेतले आहेत. काहींचं उत्तर दोन ओळींत आटोपतं, काहींना जरा वेळ द्यावा लागतो.

एस्पेरांतो कुठल्या देशाची भाषा आहे?

कुठल्याच नाही. तिला राजधानी नाही, सरकार नाही, सैन्य नाही. 1887 साली एका तरुण डॉक्टरने ती जगापुढे ठेवली आणि पुढे ज्यांनी ज्यांनी आपण होऊन ती शिकली, त्यांची ती झाली. युरोप, जपान, चीन, ब्राझील, आफ्रिका अशी सगळीकडे ती बोलणारी माणसं आहेत. बहुसंख्य मात्र ती कुठेच नाहीत.

ती कुणी तयार केली, आणि कशासाठी?

लुडविक लेझर झामेनहोफ यांनी. जन्म 15 डिसेंबर 1859, ब्यावीस्तोक या गावी. हे गाव तेव्हा रशियन साम्राज्यात होतं, आज पोलंडमध्ये आहे. घर ज्यू, वडील भाषांचे शिक्षक. गावात रशियन, पोलिश, जर्मन आणि यिडिश बोलणारे लोक शेजारी शेजारी राहत आणि एकमेकांकडे संशयाने बघत. झामेनहोफ यांनी पुढे एका पत्रात आपल्या बालपणाबद्दल लिहिलं आहे: घरी शिकवलं जायचं की सगळी माणसं भाऊ भाऊ आहेत, पण रस्त्यावर पाऊल टाकलं की ‘माणूस’ कुठे दिसतच नसे. दिसत ते रशियन, पोलिश, जर्मन आणि ज्यू. मोठं झाल्यावर हे दुखणं आपण दूर करायचं, असं त्या पोराने मनात पक्कं केलं.

शाळेत असतानाच त्यांनी भाषा जुळवायला घेतली. व्याकरण सुटसुटीत करता येत होतं, पण शब्दांचं काय? हजारो शब्दांचा जाडजूड कोश कोण पाठ करणार? मग एक दिवस रस्त्याने जाताना, अनेकदा पाहिलेल्या दोन पाट्यांकडे त्यांचं लक्ष गेलं. एक दरवानाच्या खोलीची, दुसरी मिठाईच्या दुकानाची. दोन्ही रशियन शब्दांच्या शेवटी तोच ‘स्काया’ हा प्रत्यय. तिथे त्यांना वाट सापडली: मूळ शब्द थोडे ठेवायचे आणि प्रत्यय लावून त्यांचेच पुष्कळ शब्द करायचे. एस्पेरांतोचं सगळं बळ आजही या एका गोष्टीत आहे.

1878 च्या डिसेंबरात शाळेतल्या मित्रांबरोबर त्यांनी आपल्या पहिल्या भाषेचा वाढदिवसही साजरा केला. त्यानंतर वैद्यकीचं शिक्षण, डोळ्यांचा दवाखाना, पैशाची ओढाताण, आणि या सगळ्यात भाषेवर पुन्हा पुन्हा हात फिरवणं. अखेर 26 जुलै 1887 रोजी वॉर्साला रशियन भाषेत एक छोटी पुस्तिका निघाली. छपाईचा खर्च सासऱ्यांच्या पैशातून झाला. लेखकाच्या जागी टोपणनाव होतं ‘डॉक्टर एस्पेरांतो’, म्हणजे आशा बाळगणारा डॉक्टर. लोकांनी ते नाव भाषेलाच देऊन टाकलं.

त्या पुस्तिकेला काही कोऱ्या चिठ्ठ्या जोडल्या होत्या. ‘एक कोटी लोकांनी असंच वचन दिलं तर मीही ही भाषा शिकेन’ अशा मजकुराखाली सही करून ती चिठ्ठी परत पाठवायची. एक कोटी चिठ्ठ्या कधीच आल्या नाहीत. पण 1889 मध्ये झामेनहोफ यांनी भाषा शिकलेल्या हजार जणांची पत्त्यांची यादी छापली. त्या लोकांनी एक कोटींची वाट पाहिली नव्हती. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते: भाषेवर आपला कसलाही हक्क नाही, ती सर्वांची आहे, असं त्यांनी पहिल्याच पुस्तिकेत जाहीर करून टाकलं होतं.

घरात बसून तयार केलेली भाषा ‘खरी’ कशी असेल?

सुरुवात एका माणसाने केली हे खरं. पण आज तिच्यात असे कितीतरी शब्द आहेत जे झामेनहोफ यांनी कधी ऐकलेही नसतील. एक उदाहरण देते. एस्पेरांतो बोलणारे जमलेले असताना कुणी आपल्या गाववाल्याशी मातृभाषेत गप्पा मारू लागला, की त्याला म्हणतात ‘ने क्रोकोदिलु!’ म्हणजे ‘मगरपणा करू नकोस!’ हे क्रियापद कुठल्या समितीने ठरवलं नाही. माणसं एकत्र आली, त्यांना अशा शब्दाची गरज पडली, आणि तो रुळला. नियमित बोलणाऱ्यांपैकी हा शब्द माहीत नसलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. भाषा जिवंत असल्याची याहून वेगळी खूण मला सांगता येणार नाही.

किती लोक एस्पेरांतो बोलतात?

अंदाज एक लाखापासून वीस लाखांपर्यंत जातात. हे अंतर इतकं मोठं असण्याचं कारण साधं आहे. जनगणना देशांची होते, आणि ही भाषा देशांमध्ये विखुरलेली आहे. शिवाय बोलणारा म्हणायचं कुणाला? ॲपवर दहा धडे केलेल्याला, की ज्याचा संसार या भाषेत चालतो त्याला? वीस लाखांचा आकडा मला फुगलेला वाटतो. अस्खलित बोलणारे त्याहून पुष्कळ कमी असावेत.

कुणाची ती मातृभाषा असते का?

हो. आई एका देशाची, बाप दुसऱ्या देशाचा, दोघांची ओळख एस्पेरांतोतून, आणि मग घरातली भाषाही तीच. अशा घरांत वाढलेल्यांना ‘देनास्कुलो’ म्हणतात, म्हणजे जन्मापासूनचा. जगात असे सुमारे हजारभर लोक असावेत. ‘दे-नास्क-उल-ओ’ अशी त्या शब्दाची फोड होते: पासून, जन्म, माणूस आणि नामाचा ‘ओ’. हंगेरीचे तिवादार सोरोस एस्पेरांतोचे लेखक होते. प्रसिद्ध गुंतवणूकदार जॉर्ज सोरोस हे त्यांचे चिरंजीव, आणि लहानपणापासून घरात त्यांच्या कानांवर ही भाषा होती.

पण जन्मापासून बोलणाऱ्यांचा शब्द इथे शेवटचा मानला जात नाही. त्यांचं बरोबर आणि शिकून आलेल्यांचं चूक, असं कुणी म्हणत नाही. 1905 साली मान्य झालेला पायाभूत ग्रंथ सगळ्यांवर सारखाच बंधनकारक आहे.

मराठी माणसाला ती अवघड जाईल का?

बरीचशी सोपी जाते, काही ठिकाणी तर घरच्यासारखी वाटते.

पहिलाच शब्द घ्या. ‘मी’ म्हणजे एस्पेरांतोतही ‘मी’. दोन्हींचं मूळ इंडो-युरोपीय कुळात खूप मागे एकच आहे. मग प्रश्नार्थक शब्द: ‘कीए’ म्हणजे कुठे, ‘तीए’ म्हणजे तिथे, ‘कीआम’ म्हणजे केव्हा, ‘तीआम’ म्हणजे तेव्हा, ‘कीओम’ म्हणजे किती, ‘तीओम’ म्हणजे तितकं. विचारायचं असेल तर क, दाखवायचं असेल तर त. ही जोडी आपल्या जिभेवर आधीच बसलेली आहे. पाच सुरुवाती आणि नऊ शेवट यांच्या कोष्टकातून असे 45 शब्द तयार होतात. इतरांना तो तक्ता घोकावा लागतो, आपल्याला निम्मा आपोआप कळतो.

लिहिलं तसं वाचायचं, अपवाद एकही नाही, आणि शब्दातल्या शेवटून दुसऱ्या स्वरावर जोर. लिपी रोमन, अक्षरं 28. त्यांतल्या सहांवर खुणा असतात: पाचांवर टोपी, एकावर वाटीसारखी चंद्रकोर. आता ‘चमचा’तला च आणि ‘चहा’तला च उच्चारून बघा. आपण दोन्ही एकाच अक्षराने लिहितो आणि सवयीने ओळखतो. एस्पेरांतोत पहिल्याला साधं अक्षर आहे, दुसऱ्याला टोपीवालं. पहिल्या उच्चारासाठी युरोपातल्या काही शिकणाऱ्यांना जीभ वळवावी लागते; आपल्याला फक्त चमचा आठवायचा. (या लेखात तो उच्चार मी ‘त्स’ असा लिहिला आहे.)

क्रियापदांत तर सुटकाच आहे. वाचतो, वाचते, वाचतोस, वाचतेस, वाचतात या सगळ्यांसाठी एकच ‘लेगास’. भूतकाळ ‘लेगिस’, भविष्यकाळ ‘लेगोस’. अनियमित क्रियापद एकही नाही.

आता अडखळायची जागा. कर्माला शेवटी ‘न’ लागतो. ‘ला हुन्दो मोर्दास ला विरोन’ म्हणजे कुत्रा माणसाला चावतो. शब्द उलटे मांडून ‘ला विरोन मोर्दास ला हुन्दो’ म्हटलं तरी अर्थ तोच राहतो, कारण ‘न’ माणसाला चिकटलेला आहे. मराठीत ‘ला’ नेमकं हेच काम करतो, म्हणून हा नियम मला पाच मिनिटांत समजला. आणि तरीही कितीतरी महिने मी चुकत राहिले. कारण नंतर ध्यानात आलं. मराठीत आपण ‘माणसाला’ म्हणतो, पण ‘पुस्तकाला वाचते’ म्हणत नाही. निर्जीव वस्तूला आपण प्रत्यय लावतच नाही. एस्पेरांतोत ‘मी लेगास लिब्रोन’ असंच म्हणावं लागतं, ‘लिब्रो’ म्हणून भागत नाही. मराठीतून येणाऱ्याने सुरुवातीपासून एवढंच सांभाळावं: पुस्तक, पाणी, दार, पत्र, सगळ्यांना ‘न’.

‘त्याने आपलं पुस्तक वाचलं’ आणि ‘त्याने त्याचं पुस्तक वाचलं’ यांतला फरक एस्पेरांतोतही जपलेला आहे: पहिल्यात ‘सियान’, दुसऱ्यात ‘लियान’. इंग्रजीतून शिकणारे इथे हमखास घोटाळतात. उलट, ‘आम्ही’ आणि ‘आपण’ या दोहोंना तिथे एकच ‘नी’ आहे, आणि तू, तुम्ही, आपण या तिन्ही पायऱ्यांना एकच ‘वि’. वयाने मोठ्या माणसाला पहिल्यांदा ‘वि’ म्हणताना मला चुकल्यासारखं झालं होतं. आता त्यातली बरोबरी आवडते.

प्रत्यय लावून शब्द बनतात म्हणजे नेमकं काय होतं?

‘साना’ म्हणजे निरोगी. शब्दाआधी ‘माल’ आला की अर्थ उलटतो, म्हणून ‘मालसाना’ म्हणजे आजारी. माणूस दाखवायला ‘उल’, म्हणून ‘मालसानुलो’ म्हणजे रुग्ण. जागा दाखवायला ‘एय’, म्हणून ‘मालसानुलेयो’ म्हणजे रुग्णालय. एका छोट्या शब्दापासून निघून आपण इस्पितळाच्या दारात पोचलो. शेवटी ‘ओ’ असला तर नाम, ‘आ’ असला तर विशेषण, ‘ए’ असला तर क्रियाविशेषण. ही गंमत एकदा हाताला लागली की माणूस कोशात न बघताच शब्द घडवू लागतो, आणि समोरच्याला ते कळतातही.

शब्द तर सगळे युरोपचेच आहेत. मग ही जगाची भाषा कशी?

आक्षेप रास्त आहे, आणि तो झटकून टाकणारे मला आवडत नाहीत. मूळ शब्द बहुतांशी लॅटिनच्या कुळातले, काही जर्मन वळणाचे, थोडे स्लाव्ह. ‘काय’ म्हणजे ‘आणि’, हा तर ग्रीकमधून आला आहे. (मराठी कानाला तो सुरुवातीला सारखा प्रश्नच वाटतो.) जपानी किंवा तमिळ बोलणाऱ्याला शब्द पाठ करायला इटालियन माणसापेक्षा जास्त कष्ट पडतात, यात वाद नाही. मात्र शब्दांची घडण बघा. न बदलणारे तुकडे एकापुढे एक जोडत जाण्याची ही रीत युरोपी भाषांपेक्षा तुर्की किंवा जपानीला जवळची आहे.

दुसरी खरी उणीव लिंगाची. ‘पात्रो’ म्हणजे वडील, आणि आई त्याच शब्दाला प्रत्यय लावून ‘पात्रिनो’. एकोणिसाव्या शतकातली नजर इथे दिसते. आता काही जण ‘ली’ (तो) आणि ‘शी’ (ती) यांच्या जोडीला लिंगनिरपेक्ष ‘री’ वापरतात. तो सगळ्यांनी स्वीकारलेला नाही. चर्चा चालू आहे.

एका भाषेला कुणाचा विरोध कशाला असेल?

राष्ट्रसंघात 1920 च्या दशकात शाळांमधून एस्पेरांतो शिकवण्याची कल्पना पुढे आली. सचिवालयाचा अहवाल अनुकूल होता, पण फ्रान्सने ती अडवली. तेव्हा आंतरराष्ट्रीय व्यवहाराची भाषा फ्रेंच होती, आणि ते स्थान सोडायची त्यांची तयारी नव्हती.

पुढे जे घडलं ते याहून भीषण होतं. हिटलरने या भाषेला ज्यूंच्या कटाचं हत्यार ठरवलं आणि नाझी राजवटीत तिच्या संघटनांवर बंदी आली. सोव्हिएत संघात आधी उत्तेजन मिळालं, मग 1937-38 च्या दडपशाहीत परदेशांशी पत्रव्यवहार हाच गुन्हा ठरला. चळवळीचे नेते एर्नेस्ट ड्रेझेन यांना 1937 मध्ये गोळ्या घातल्या, अनेकांची छावण्यांत रवानगी झाली. परक्या माणसाशी सरळ बोलू शकणारा माणूस हुकूमशहांना खुपतो.

झामेनहोफ 1917 मध्ये वारले, त्यामुळे आपल्या मुलांचं काय झालं हे त्यांना पाहावं लागलं नाही. मुलगा आडाम, तोही डोळ्यांचा डॉक्टर, 1940 मध्ये वॉर्साजवळ पाल्मिरीच्या जंगलात नाझींकडून मारला गेला. सोफिया आणि लिडिया या दोन्ही मुलींना 1942 मध्ये नाझींच्या त्रेब्लिंका छावणीत ठार केलं. लिडिया देशोदेशी हिंडून एस्पेरांतो शिकवत असे.

तिला अधिकृत मान्यता आहे का?

युनेस्कोने 1954 साली मोंतेव्हिदेओच्या अधिवेशनात आणि पुन्हा 1985 मध्ये तिच्या बाजूने ठराव केले. तिच्या जागतिक संघटनेचे युनेस्कोशी अधिकृत संबंध आहेत. ही संघटना 1908 साली स्थापन झाली. कुठल्याही देशाची ती राजभाषा नाही.

एस्पेरांतोत साहित्य आहे का?

आहे, आणि मुळातून लिहिलेलं आहे. झामेनहोफ यांनी 1894 मध्येच ‘हॅम्लेट’ अनुवादित केलं, कारण भाषेत काव्य पेलतं का हे त्यांना बघायचं होतं. पहिल्या महायुद्धात हंगेरीचा नट यूलिओ बागी युद्धकैदी म्हणून सायबेरियात अडकला. तिथे त्याने इतर कैद्यांना एस्पेरांतो शिकवली आणि कविता लिहिल्या. त्याचा समकालीन काल्मान कालोचाय पेशाने डॉक्टर होता. या दोघांमुळे महायुद्धांच्या मधल्या काळात बुडापेस्ट हे या साहित्याचं केंद्र बनलं. स्कॉटलंडचा कवी विल्यम ऑल्ड याचं नाव एस्पेरांतोतल्या कवितेसाठी नोबेलकरता सुचवलं गेलं होतं. 1993 पासून लेखकांच्या आंतरराष्ट्रीय ‘पेन’ संघटनेत एस्पेरांतोचं स्वतःचं केंद्र आहे.

ही माणसं एकमेकांना भेटतात कुठे?

पहिलं जागतिक संमेलन 1905 साली फ्रान्समधल्या बुलोन या बंदराच्या गावी भरलं. 688 लोक आले होते. त्यांतल्या बहुतेकांनी तोवर ही भाषा फक्त पत्रांतून लिहिली होती. एकमेकांचे उच्चार कळतील का, हीच धास्ती होती. कळले. 1914 च्या पॅरिस संमेलनासाठी साडेतीन हजारांहून जास्त लोकांनी नावं नोंदवली होती, पण उद्घाटनाच्या दिवसांतच महायुद्ध पेटलं आणि संमेलन झालंच नाही. 2024 चं संमेलन टांझानियात आरुशाला झालं, आफ्रिकेतलं पहिलं.

तरुणांच्या मेळाव्यांत रात्री एक खोली ‘गुफुयो’ म्हणून सजवतात. ‘गुफो’ म्हणजे घुबड, तेव्हा ही घुबडांची जागा. मंद दिवे, चहा, दारू नाही, आवाज हळू, आणि पहाटेपर्यंत गप्पा. ‘पास्पोर्ता सेर्वो’ हा उपक्रम 1974 पासून चालू आहे: प्रवासात एस्पेरांतो बोलणाऱ्याला दुसरा एस्पेरांतो बोलणारा आपल्या घरी विनामूल्य उतरवून घेतो. अट एकच, ही भाषा बोलता यायला हवी.

वासिली येरोशेंको या रशियन लेखकाची गोष्ट मी प्रत्येकाला सांगते. लहानपणीच त्याची दृष्टी गेली. एस्पेरांतोच्या आधारावर तो इंग्लंड, जपान, ब्रह्मदेश, भारत असा हिंडला. 1922 मध्ये बीजिंगच्या विद्यापीठात तो ही भाषा शिकवत होता आणि थोर चिनी लेखक लू शुन यांच्या घरी राहत होता. दृष्टी नसलेला परदेशी माणूस, आणि जवळपास प्रत्येक मुक्कामी त्याचा हात धरणारं कुणीतरी होतं.

भारतात कुणी शिकलं होतं का?

शांतिनिकेतनचे लक्ष्मीश्वर सिन्हा 1920 च्या दशकात स्वीडनला गेले असताना शिकले. पुढे त्यांनी युरोपात याच भाषेत व्याख्यानं दिली आणि रवींद्रनाथांच्या कथा तिच्यात नेल्या. विनोबा भावे यांनाही या भाषेबद्दल आस्था होती. युगोस्लाव्हियाचे प्रवासी लेखक तिबोर सेकेली यांच्याकडून ते ती शिकले.

इंग्रजी असताना, आणि आता फोनच भाषांतर करतो तेव्हा, हिची गरज काय?

पोट भरायला हवी असेल तर इंग्रजीच शिका. एस्पेरांतोने नोकरी मिळत नाही, हे मी स्पष्ट सांगते. पण इंग्रजी जिची मातृभाषा आहे तिच्यासमोर मी इंग्रजी बोलते तेव्हा अंगण तिचं असतं. ती विनोद करते, मी शब्द शोधते. एस्पेरांतोत दोघीही आपापल्या घरातून निघून मध्यावर आलेल्या असतो.

फोनने पाटी वाचता येते, पत्ता विचारता येतो, आणि ते उत्तमच आहे. रात्री दोन वाजता गुफुयोत कुणी आपल्या आजीबद्दल सांगत असताना मात्र मध्ये फोन धरावासा वाटत नाही.

सुरुवात कशी करावी?

‘लेर्नु’ हे संकेतस्थळ 2002 पासून विनामूल्य शिकवतं. ड्युओलिंगोवर 2015 पासून इंग्रजीतून अभ्यासक्रम आहे. रोज अर्धा तास दिला तर काही महिन्यांत साधी बोलचाल जमते. व्याकरण संपायची वाट न बघता लवकर बोलायला लागा. ऑनलाइन बैठकीत आधी ‘सालुतोन’ म्हणा, म्हणजे नमस्कार. अडलात तर म्हणा, ‘पार्दोनु, मी एस्तास कोमेन्त्सान्तो’, म्हणजे माफ करा, मी नवखी आहे. माझ्या पहिल्या बैठकीत मी हे म्हटलं तेव्हा पलीकडचे आजोबा हसून म्हणाले, ‘आन्काउ मी.’ मीसुद्धा. ते चाळीस वर्षं बोलत होते.